खंबाटकीत दम सोडणारी आरएस

प्रश्न थोडक्यात असा: २००६ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो पेट्रोल, १ लाख ३४ हजार किलोमीटर, तुम्ही तिसरे मालक. सपाट रस्त्यावर, हलक्या पायानं गाडी छान चालते. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरात पाय दाबला, की अडीच-तीन हजार आरपीएमला मागून कुणी धरून ठेवल्यासारखी होते. बाजूला घेऊन इंजिन बंद केलं, पुन्हा चालू केलं, की काही वेळ बरी चालते. सकाळी आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत पाय न दाबता चालणारं इंजिन, वर-खाली होतं. इंजिन लाइट येतो-जातो. मायलेज अकरावरून साडेआठवर आलं. एका गॅरेजनं ‘टर्बो गेला’ म्हणून दीड लाखाच्या वर अंदाज दिला आहे, कुणी म्हणतं घाटात उंचीमुळे हवा विरळ होते. टर्बो बदलावा का, आणि या वयाची गाडी ठेवण्यात अर्थ आहे का?

टर्बोवर, म्हणजे इंजिनात दाबानं हवा कोंबणाऱ्या पंख्यावर, आज एक रुपयाही खर्च करू नका. का, ते तुमच्याच प्रश्नातल्या एका वाक्यात आहे आणि ते तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय: बंद करून चालू केली की बरी चालते. घासलेला टर्बो किल्ली फिरवून बरा होत नाही. पाती झिजली, बेअरिंग गेलं, तर ते पहिल्या किलोमीटरला तसंच आणि शंभराव्यालाही तसंच. किल्लीनं जे बरं होतं तो इंजिनाच्या कॉम्प्युटरनं घेतलेला निर्णय असतो. त्याला आम्ही लिम्प मोड म्हणतो, म्हणजे लंगडत घरी जाण्याची सोय. गाडीनं तुमचा दम मुद्दाम काढून घेतलाय. कशाला घाबरून काढून घेतला, एवढंच शोधायचं आहे.

ते कसं घडतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. कॉम्प्युटर टर्बोकडे ठरावीक दाब मागतो आणि थ्रॉटलच्या, म्हणजे पाय दाबल्यावर उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या, अलीकडे बसवलेल्या सेन्सरवर तो मिळाला का ते बघतो. दाब किती वाढू द्यायचा हे वेस्टगेट, म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारं दार, ठरवतं, आणि वेस्टगेटला लगाम घालतो एन७५ नावाचा छोटा इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह. मागणी आणि पुरवठा यांत मोठा फरक काही सेकंद टिकला, की कॉम्प्युटर एन७५ चा करंट काढून घेतो. मग वेस्टगेट फक्त आपल्या स्प्रिंगच्या जोरावर चालतं आणि दाब पाऊण बारच्या आसपास जायचा तो ०.३-०.४ बारवर अडकतो. दीडशे हॉर्सपॉवरची गाडी साध्या १.८ सारखी चालायला लागते. किल्ली बंद-चालू केली की कॉम्प्युटर पुन्हा नव्यानं विश्वास ठेवतो, पुढच्या चढापर्यंत.

फरक दोन्ही बाजूंनी पडू शकतो. मागितला तेवढा दाब मिळाला नाही, किंवा मागितल्यापेक्षा जास्त मिळाला. पहिल्यासाठी बहुधा १७७०५ हा बिघाडाचा कोड पडतो, टर्बो ते थ्रॉटल यांच्या दरम्यान दाब सुटतोय असा. दुसऱ्यासाठी १६६१८. तुमचा इंजिन लाइट येतो-जातो असं म्हणालात, म्हणजे कोड आत लिहिलेला असणार. त्या गॅरेजनं स्कॅनर लावला होता का? लावला असेल तर कागद मागून घ्या. न लावताच टर्बोचं निदान केलं असेल, तर मग काय बोलायचं!

स्कॅनर हाती नसला तरी घरबसल्या एक गोष्ट आठवून बघा. दम सुटण्याआधी क्षणभर गाडी नेहमीपेक्षा जोरात झेपावते का? झेपावत असेल तर दाब जास्त होतोय. बहुतेक वेळा वेस्टगेटच्या डब्याकडे जाणारा करंगळीएवढा पाइप तडकलेला किंवा निसटलेला असतो. डब्याला दाबाची खबरच मिळत नाही, गेट उघडत नाही, बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वर जातो आणि कॉम्प्युटर घाबरतो. झेप न घेता नुसतीच मंदावत असेल तर हवा कुठून तरी निसटतेय. तुमच्या वर्णनावरून मला दुसरीच शक्यता जास्त वाटते, कारण सकाळचं आयडलिंगही हलतंय. चढावर दम जाणं आणि सकाळी इंजिन डुगडुगणं या दोन तक्रारी बहुतेक गॅरेजवाले वेगळ्या धरतात आणि वेगळे पार्ट विकतात. माझ्या मते ही एकच तक्रार आहे.

या इंजिनात आत जाणारी हवा एअर फिल्टरनंतर लगेच मोजली जाते. तो एअर मास सेन्सर, आपल्याकडे सगळे त्याला मॅफ म्हणतात. त्या मोजणीवर पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं. मोजलेली सगळी हवा सिलिंडरमध्ये पोचली आणि न मोजलेली कुठूनही घुसली नाही, तर हिशेब जुळला. वीस वर्षांच्या गाडीत हिशेब बिघडवतं ते रबर. रबर किलोमीटरनं म्हातारं होत नाही, वर्षांनी होतं. बॉनेटखालच्या उष्णतेनं आणि तेलाच्या वाफेनं ते आणखी लवकर म्हातारं होतं. कमी चाललेली, जपून ठेवलेली गाडी म्हणून खुशाल राहू नका. मी बघितलेली सगळ्यात वाईट होज एका पन्नास हजार किलोमीटरच्या गाडीत होती.

गळती कुठे आहे त्यावर तिचा स्वभाव ठरतो. थ्रॉटलच्या पुढे, सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डला चीर असेल, तर आयडलिंगला तिथे निर्वात असतो. बाहेरची न मोजलेली हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, इंजिन डुगडुगतं. तुम्ही पाय दाबला की त्याच ठिकाणी दाब तयार होतो आणि तीच चीर आता हवा बाहेर फेकते. मोजलेली हवा गेली, पेट्रोल मात्र तेवढंच पडलं. गाडी ओढत नाही आणि पेट्रोल पिते. तुमची तिन्ही लक्षणं यात बसतात. टर्बो आणि थ्रॉटल यांच्या मधल्या मोठ्या पाइपांत गळती असेल तर आयडलिंगला फारसं काही कळत नाही, फक्त दाबाखाली दम जातो, कधी मागून काळा धूर दिसतो. मॅफ आणि टर्बो यांच्या मधला जाड रबरी पाइप फाटला तर न मोजलेली हवा सतत घुसत राहते आणि सगळीकडे थोडं थोडं बिघडतं.

हे आकड्यांत बघायचं. गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे लॅपटॉपवर दाखवणारी व्हीसीडीएस केबल असलेला कुणीही ओळखीत मिळेल. पुण्यात या गाड्यांचे वेडे कमी नाहीत. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर ०३२ नंबरचा ब्लॉक, म्हणजे आकड्यांचा गट, उघडा. पहिला आकडा आयडलिंगला पेट्रोलात केलेली टक्क्यांची दुरुस्ती, दुसरा चालत्या गाडीची. पहिला दोनच्या आत असेल तर मी निश्चिंत असतो. चार-पाच दिसला आणि दुसरा शून्याजवळ किंवा उणे दिसला, तर थ्रॉटलच्या पुढची गळती जवळपास नक्की. दोन्ही चांगले अधिक दिसले तर मॅफनंतरचा पाइप, किंवा मॅफ स्वतः कमी मोजतोय, किंवा पेट्रोलचा दाब कमी.

इथे गेल्या दोन-तीन वर्षांत एक नवी मेख आली आहे आणि जुन्या फोरव्हीलरचे चांगले चांगले मेकॅनिक तिच्यात फसतात. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे शुद्ध पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागायची ती आता साधारण साडेतेरा किलो लागते. तुमच्या गाडीचा कॉम्प्युटर शुद्ध पेट्रोल डोक्यात ठेवून लिहिलेला आहे, म्हणून तो सहा-आठ टक्के पेट्रोल वाढवून देतो. म्हणजे ०३२ ब्लॉकचा दुसरा आकडा अधिक सात आणि पहिला शून्याजवळ असेल, तर गळती शोधत दिवस घालवू नका, ते पंपाचं देणं आहे. आणि उलटही: या पेट्रोलवर दुसरा आकडा उणे दोन दिसला, तर तो खरं म्हणजे उणे नऊसारखा वाचायचा. काहीतरी नक्की बिघडलंय. मायलेजमधलं अर्धा-पाऊण किलोमीटरही याच खात्यात टाका. अकराचं साडेआठ मात्र इथेनॉलनं होत नाही.

आता गळती प्रत्यक्ष शोधायची. धुराचं मशीन असलेलं गॅरेज मिळालं तर उत्तम. नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातून मॅफनंतरच्या रबरी पाइपाच्या तोंडात बसेल अशी पीव्हीसीची टोपी आणा, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा, क्लॅम्पनं आवळा. पाचशे रुपयांच्या आत काम होतं. त्यातून पायपंपानं हवा भरा. कॉम्प्रेसर लावू नका, भोकन् भोक शोधायच्या नादात धडाची होज फाडून बसाल. अर्ध्या बारच्या पुढे जायची गरजच नसते. आणि त्याआधी त्या पाइपाला वरून येऊन मिळणारी इंजिनाच्या श्वासाची, म्हणजे पीसीव्हीची नळी काढून तिथे बूच लावा. हे विसरलात तर दाब थेट इंजिनाच्या पोटात जाईल आणि क्रँकचं सील बाहेर ढकलेल. मग खरंच मोठं बिल. भांड्यांच्या साबणाचं पाणी स्प्रे बाटलीत भरून सगळीकडे मारा आणि बुडबुडे बघा. रेडिओ बंद ठेवा, सुस्कारा ऐकू येतो. एखादा व्हॉल्व्ह उघडा असल्यामुळे थोडी हवा सिलिंडरमधून जातेच, त्यानं घाबरू नका. चालू, गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधणारे अजून आहेत. एक ठिणगी पुरते, तसलं तुमच्या गाडीवर करू देऊ नका.

बघायचं कुठे? माझा क्रम सांगतो. आधी इनटेक मॅनिफोल्डच्या पोटाखाली. तिथे पीसीव्हीच्या नळ्या, एक-दोन नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि टी-जोड यांचं जंजाळ आहे, वरून दिसत नाही, म्हणून वीस वर्षं कुणी हातही लावलेला नसतो. तेलाची वाफ पिऊन तिथलं रबर एका टोकाला लगद्यासारखं मऊ आणि दुसऱ्या टोकाला पापडासारखं कडक होतं. बोटानं दाबलं की तुकडा हातात येतो. त्यातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह काढून तोंडानं फुंकून बघा, एकाच बाजूनं हवा जायला हवी. दोन्हीकडून गेली तर बूस्टची हवा इंजिनाच्या पोटात शिरतेय. अशा गाडीत टॅपेट कव्हरभोवती तेल पाझरतं, डिपस्टिक वर उचललेली दिसते. तुमच्याकडे तसं आहे का, बघून ठेवा.

मग डायव्हर्टर व्हॉल्व्ह. तुम्ही पाय सोडलात की अडकलेला दाब टर्बोच्या तोंडाशी परत नेणारा हा काळा प्लास्टिकचा गोळा. आतला रबरी पडदा फाटतो. काढून हातात घ्या, आतलं पिस्टन बोटानं आत ढकला, बारीक नळीच्या तोंडावर अंगठा ठेवा आणि बोट काढा. पिस्टन आत धरून राहिला तर पडदा शाबूत. हळूहळू परत आला तर नवा घ्या. ‘टर्बो गेला’ म्हणून माझ्याकडे आलेल्या गाड्यांत हा एक तुकडा आणि दोन-तीन नळ्या यांचाच हात जास्त वेळा निघाला आहे.

तिसरं, टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा इंटरकूलर. आपल्या उजव्या हातच्या स्टिअरिंगच्या गाडीत तो ड्रायव्हरच्या पुढच्या चाकासमोर, बंपरच्या कोपऱ्यात आहे. खाली येणारा पाइप दगडाला, स्पीडब्रेकरला घासतो. पावसाळ्यात चिखलानं जाळी भरते. पाइपात तेलाचा पातळ थर दिसला की लगेच टर्बोवर आळ घेतात. थोडा तेलकटपणा पीसीव्हीतून येतो आणि या वयात तो चालतो. वाटीभर तेल ओतून निघालं तर मात्र बोला.

नळ्या बदलताना रंगीत सिलिकॉनच्या मोहात पडू नका. निर्वाताच्या कोरड्या नळीला सिलिकॉन चालतं, पण तेलाची किंवा पेट्रोलची वाफ जिथे जाते तिथे ते फुगतं आणि घाम सोडतं. तिथे तेल सोसणारं रबरच हवं. आणि मोठ्या होजवर स्क्रूची क्लिप जीव खाऊन आवळू नका, ती रबरात रुतते आणि सहा महिन्यांनी तिथूनच चीर जाते.

एक किस्सा सांगतो, कारण तो तुमच्याशी जुळतो. नाशिकची एक गाडी आली होती. आधीच्या ठिकाणी टर्बो बदलून झाला, तरी घाटात तेच. मग मॅफ बदलला, एन७५ बदलला. मालक गाडी विकायच्या तयारीत. आम्ही पायपंप लावला आणि साबणाचं पाणी मारलं तर मॅनिफोल्डच्या मागच्या अंगाला दोन इंचांच्या नळीतून फुगे. जुना काढलेला टर्बो त्यांनी डिकीत जपून ठेवला होता. बाहेर काढून बघितला तर तो ठणठणीत होता!

तर खरा गेलेला टर्बो कसा ओळखायचा? फिल्टरकडचा पाइप काढून आत बोट घाला, अर्थातच थंड इंजिनाला. चाक वर-खाली किंचित हलतं. ते हलणारच, कारण त्याचं बेअरिंग तेलाच्या थरावर तरंगतं आणि बंद इंजिनात तेलाचा दाब नसतो. हे किंचित हलणं दाखवून लाखभराचे टर्बो विकले जातात. आत-बाहेर, म्हणजे दांड्याच्या दिशेनं, मात्र हालचाल जाणवता कामा नये. पाती घराला घासल्याच्या खुणा, तुटलेली कड, गाडी गरम झाल्यावर निळा धूर, चढत्या आरपीएमबरोबर सायरनसारखा आवाज, यांतलं काही असेल तर टर्बोवर संशय घ्या. तुम्ही यांतलं काहीच लिहिलेलं नाही. वेस्टगेटचा दांडा गंजून अडकलाय का, तेही हातपंप लावून बघता येतं.

मॅफबद्दल. तिसऱ्या मालकाच्या गाडीत तेल लावलेला कापडी ‘परफॉर्मन्स’ फिल्टर असण्याची दाट शक्यता. ते तेल मॅफच्या आतल्या नाजूक भागावर बसतं आणि तो कमी मोजायला लागतो. साधा कागदी फिल्टर लावा. मॅफ फक्त त्याच्यासाठीच्या क्लीनरनं धुवा, बोट किंवा कापूस नको. ००२ ब्लॉकमध्ये पूर्ण दाबाखाली सेकंदाला किती ग्रॅम हवा येते ते दिसतं. ढोबळ हिशेब असा, की त्या आकड्याला सव्वानं गुणलं की हॉर्सपॉवर. १२० ग्रॅम म्हणजे दीडशे, तुमची कंपनीची पॉवर. ऐंशीच दिसले आणि गळती कुठेच नाही, तर मग मॅफ.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात, कारण तुमच्या लक्षणांशी त्या कमी जुळतात. कॉइल किंवा प्लग गेला तर गाडी दम सोडत नाही, गचके देते. पेट्रोल फिल्टर कधी बदलला माहीत नसेल तर बदलून टाका, स्वस्त आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला तर किल्ली बंद-चालू करून फरक पडत नाही, आणि वरच्या आरपीएमला हळूहळू गळा आवळल्यासारखं होतं. कूलंटचं तापमान हायवेवर सत्तरवरच राहत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. इंजिन स्वतःला थंड समजून जास्त पेट्रोल घेतं, तुमच्या मायलेजचा एक चोर तो असू शकतो. कम्प्रेशन बघून घ्या, चारही सिलिंडर दहा बारच्या वर आणि एकमेकांच्या जवळपास असले की विषय संपला. कुणीतरी तुम्हाला ‘उंचीमुळे हवा विरळ होते’ असंही सांगितलंय. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे, तिथे साध्या इंजिनाची ताकद दहा-बारा टक्के उतरते. टर्बोवाल्याची त्याहून कमी. खंबाटकी त्याच्यापुढे टेकडी आहे.

आणि हो, व्हॉल्व्हवरचा कार्बन अक्रोडाच्या भुकटीनं साफ करून देतो असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नको म्हणा. ती कटकट लॉरा-सुपर्बच्या १.८ टीएसआयची. त्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, म्हणून व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत. तुमच्या इंजिनात इंजेक्टर पोर्टमध्ये आहेत, पेट्रोलच व्हॉल्व्ह धुतं. दोन्ही ‘स्कोडाचं १.८ टर्बो’ म्हणून एकाच पिशवीत घातली जातात, पण ती वेगळी इंजिनं आहेत. पार्ट मागवताना हे जास्तच लक्षात ठेवा.

आता जे तुम्ही विचारलंच नाही, पण मी सगळ्यात आधी विचारलं असतं ते. टायमिंग बेल्ट कधी बदलला? तिसरे मालक आहात, बिल हातात नसेल तर ‘बदललेला आहे’ या शब्दावर विसंबू नका. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह भेटतात. वीस व्हॉल्व्ह आहेत, एका सिलिंडरला पाच. हेड उतरवण्याचा खर्च गाडीच्या किमतीशी बोलायला लागतो. मी नव्वद हजार किलोमीटर किंवा पाच वर्षं, जे आधी येईल ते धरतो. बेल्टबरोबर टेन्शनर, त्याचा हायड्रॉलिक दट्ट्या, रोलर आणि वॉटर पंप. पंपाच्या आतलं चाक प्लास्टिकचं असेल तर धातूच्या चाकाचा पंप घाला. म्हाताऱ्या प्लास्टिकचे तुकडे होतात, तो दांड्यावर नुसता फिरतो आणि गाडी घाटात तापते. तोवर फुल थ्रॉटलच्या कसल्याही चाचण्या करू नका. बेल्ट अलीकडेच बदलला असेल आणि दम त्यानंतरच गेला असेल, तर तेही सांगा. एक दात चुकला तरी गाडी चालते, पण ओढत नाही.

दुसरं ऑइल. व्हीडब्ल्यू ५०२ ०० हा शिक्का असलेलं फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४०, साडेचार लिटर, साडेसात हजार किलोमीटर किंवा एक वर्ष. मॅन्युअलमध्ये त्याहून जास्त लिहिलंय हे मला माहीत आहे. टर्बोतून जाणारं तेल तव्यावरच्या तेलासारखं जळतं आणि त्याचा गाळ खाली ऑइल पंपाच्या जाळीवर बसतो. आधीच्या मालकांचा काय भरवसा, म्हणून एकदा ऑइल चेंबर उतरवून जाळी साफ करून घ्या. त्याआधी गेज लावून दाब बघा. गरम इंजिनाला दोन हजार आरपीएमवर दोन बारच्या खाली असेल तर काम आजच करा. ऑइलचा लाल दिवा लागला तर पुढच्या पंपापर्यंत नेतो असं म्हणू नका, तिथेच बंद करून टो करा. घाट चढून आल्यावर शेवटचा किलोमीटर-दोन किलोमीटर शांतपणे चालवा, टर्बोला तेवढं पुरतं.

पेट्रोल शक्यतो ९५ ऑक्टेनचं भरा. इंजिन त्याच्यासाठी बनलेलं आहे. कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर ते चालतं, पण नॉक, म्हणजे मिश्रण अवेळी पेटल्याची टकटक, ऐकू आला की कॉम्प्युटर इग्निशन मागे घेतो. ०२० ब्लॉकमध्ये चारही सिलिंडरचे अंश दिसतात. दाबाखाली शून्य ते तीन ठीक, सात-आठ म्हणजे पैसे वाचवून दम गमावणं. शंभर ऑक्टेन आठवड्यातून एकदा भरून ‘इंजिन साफ होतं’ ही समजूत आहे, पैसे नळ्यांना लावा.

गाडी ठेवण्यात अर्थ आहे का? २००६ ची, म्हणजे पंधरा वर्षं संपून एकदा नोंदणी वाढवलेली असणार. पाच-पाच वर्षांनी फिटनेस, पर्यावरण कर, हे चालूच राहील. मी असतो तर बॉडीकडे बघून ठरवलं असतं, इंजिनाकडे नाही. हे १.८ टर्बो ऑडी, फोक्सवॅगन, सिआट, स्कोडा सगळ्यांनी जगभर वापरलंय. लोखंडी ब्लॉक आहे, पार्ट अजून नवे मिळतात. आरएसचे सीट, बंपर, बाहेरचे रबर यांचं तसं नाही. खालून गंज नसेल आणि गाडीला मोठा अपघात झालेला नसेल, तर इंजिन दीड लाखाच्या कितीतरी आत उभं राहील. कंपनीनं युरोपात हीच गाडी १८० हॉर्सपॉवरची दिली होती आणि आपल्याकडे १५० ची. त्यामुळे रीमॅप करून, म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून, ताकद वाढवून देणारे मागे लागतील. सगळी गळती बंद झाल्यावर, सगळे आकडे जागेवर आल्यावर विचार करा. फुटक्या घागरीत जास्त पाणी ओतून काय होणार?

तर पुढच्या रविवारी हे करा. बेल्टची खात्री झाली असेल तरच. किल्ली ऑन, इंजिन बंद, ११५ ब्लॉक उघडा. दाबाचा खरा आकडा, तो इथे बाहेरच्या हवेचा दाब धरून येतो, पुण्यात ९५० मिलिबारच्या आसपास दिसायला हवा, मुंबईत हजारच्या थोडा वर. तसा नसेल तर सेन्सरच खोटं बोलतोय आणि बाकी सगळं थांबवा. मग दुसऱ्या गिअरात, मोकळ्या रस्त्यावर, दोन हजारापासून साडेपाच हजारापर्यंत पूर्ण पाय. तिसऱ्यात नको, तिथे वेग सव्वाशेच्या घरात जातो. लॅपटॉप शेजारच्यानं धरायचा, तुम्ही रस्त्याकडे बघायचं. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब हे दोन रकाने, शिवाय ००२, ०२० आणि ०३२ मधले आकडे, गाडीत कुठलं पेट्रोल होतं ते, आणि त्या दिवशी लिम्प मोड आला होता की नाही, एवढं पाठवा. मिळालेला दाब १,३०० वर सपाट रेघेसारखा अडकलेला दिसला तर गाडी आधीच लंगडतेय, तेव्हा कोड पुसून पुन्हा घ्यावं लागेल.